सातवं प्रकरण

नेरच्या त्या शाळेच्या मैदानाकडेला कडुनिंबाची जी रांग आहे, तिचं कौतुक येणारा प्रत्येक पाहुणा करतो. साहेब तपासणीला आले तरी आधी झाडाखाली खुर्ची टाकून बसतात, हजेरीपट मागून. ही झाडं वाढवली कुणी, असं कुणी विचारलं की मुख्याध्यापक सदाशिवराव मोठ्या अभिमानाने सांगत, "आमच्या विद्यार्थ्यांनी." यात खोटं काही नव्हतं. फक्त कोणत्या विद्यार्थ्यांनी, हे ते सांगत नसत, आणि पाहुणेही तेवढ्या खोलात जात नसत.

त्याचं असं होतं. शाळेत नववीला दर वर्षी 'उतारपेठ' ही जुनी कादंबरी वाचली जायची. बोर्डाने लावलेली नव्हे. शाळेने आपल्या हौसेने ठेवलेली. लेखक याच भागातले, कधीचेच वारलेले, आणि सगळ्या महाराष्ट्रात ज्यांचं नाव आदराने घेतलं जातं असे. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यातले शेवटचे दोन तास या वाचनाचे. मुलांनी हजेरीच्या क्रमाने उभं राहून एकेक पान मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. अडखळलं तर हसायचं नाही, एवढाच नियम.

कादंबरी होती दौलत नावाच्या गाडीवानाची. कापसाच्या गाड्या हाकणारा हा गरीब माणूस लेखकाने इतक्या मायेने रंगवला होता की वाचणाऱ्याचे डोळे भरून यावेत. पण सातव्या प्रकरणात दौलतचा पवळ्या नावाचा बैल नाहीसा होतो. तो शेजारच्या तांड्यानेच चोरला असं गाव ठरवून टाकतं आणि दिवसाढवळ्या तांडा पेटवून देतं. आणि लेखकबुवा, जे एरवी मुंगीवर पाय पडला तरी हळहळतील, ते इथे खुशाल जाळणाऱ्यांच्या बाजूने उभे राहतात. चोरी त्या लोकांच्या रक्तातच होती, असं सरळ लिहून मोकळे होतात.

शाळेत आसपासच्या तांड्यांवरची बंजारा मुलं पहिल्यापासून होती. त्यांच्यासमोर हे वाचायचं कसं? सदाशिवराव स्वतः मराठी शिकवत होते तेव्हा त्यांनीच यावर तोड काढली. सातव्या प्रकरणाच्या दिवशी ते चष्मा पुसत म्हणायचे, "आडे, राठोड, पवार, जरा झाडांना पाणी घालून या रे." मुलं आनंदाने बादल्या घेऊन पळायची. ती परत येईतो तांडा जळून राख झालेला असायचा आणि आठवं प्रकरण लागलेलं असायचं. मुख्याध्यापक झाल्यावर त्यांनी हा वर्ग कहकशां मॅडमच्या हवाली केला तेव्हा ही रीतही सोबत दिली. "त्यांच्या मनाला लागू नये, एवढंच," ते म्हणाले होते. कहकशांला तेव्हा हा माणूस फार मोठ्या मनाचा वाटला होता. अजूनही वाटत होता.

कहकशां मूळची कळंबची. वडील अन्सार मिस्त्री पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. घरात बोलणं सगळं हिंदी-उर्दूत. मराठी शाळेपुरती, बाजारापुरती. आठवीत असताना वाचनालयातून तिच्या हाती ही 'उतारपेठ' लागली आणि पोरगी येडीच झाली. दौलतची आई मरते ते पान वाचताना ती मोटारींच्या ढिगाऱ्यामागे बसून इतकी रडली की वडिलांना वाटलं पोरीला विंचू चावला. त्या पुस्तकाने तिला मराठी दिली, असं ती म्हणायची. पुढे एम.ए. केलं तेही मराठीतच. त्यामुळे तिचं बोलणं असं काही शुद्ध झालं होतं की वर्गातली पोरं मागून म्हणायची, "मॅडम पुण्याच्या हाय का बे?"

या वर्षी मात्र पुस्तकाचे दिवस फिरले होते. कुठल्याशा संघटनेने जिल्ह्यात निवेदन दिलं की ही कादंबरी शाळाशाळांतून काढून टाका. लगेच लेखकाच्या चाहत्यांनी यवतमाळात सभा घेतली की एका पानालाही हात लावू देणार नाही. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांपैकी किती जणांनी ती वाचली होती, ते त्यांचं त्यांना माहीत. सदाशिवराव रोज सकाळी पेपर उघडायचे ते धाकधूक घेऊनच. निवृत्तीला थोडे महिने उरलेले, आणि आता हे बालंट.

त्यातच सातव्या प्रकरणाचा शनिवार आला. कहकशांने तांड्यावरच्या दोघांना ठरल्याप्रमाणे सांगितलं, "शीला, ओम, झाडांना पाणी घालून या."

शीला आडे ही त्या वर्गातली सगळ्यात चांगली वाचणारी मुलगी. तिचं पान आलं की मागच्या बाकावरची पोरंही खुसुरफुसुर थांबवायची. ती उठली, बादली घेऊन गेली. परत आली तेव्हा वर्ग तिच्याकडे पाहत होता. पाहत होता आणि तिने पाहिलं की मान वळवत होता.

"मॅडम, आमी नोहतो तवा काय वाचलं?" तिने विचारलं.

"विशेष काही नाही. थोडं पुढे गेलो," कहकशां म्हणाली.

शीला खाली बसली. आठवड्याभरात तिने मराठीच्या तासाला तोंड उघडलं नाही. आणि पुढच्या शनिवारी, वाचन सुरू व्हायच्या आत, कुणी काही न सांगता ती उठली. तिच्यामागे ओम उठला. दोघं दाराकडे निघाली.

"शीला, कुठे?"

"पानी घालाले."

"आज नाही घालायचं. बस."

"पुस्तक वाचून राह्यले ना तुमी?" शीलाच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, तेच जास्त बोचलं. "मंग आमी बाहेर."

ती गेली. कहकशांने वाचन पुढे चालवलं, पण तिला शब्द दिसत नव्हते. खिडकीतून बादल्यांचा आवाज येत होता. या मुलीला आपण गमावतोय, आणि तेही आपल्या सगळ्यात आवडत्या पुस्तकापायी, हे तिला कळलं.

तिने तास संपल्यावर सगळं सदाशिवरावांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे आता तांड्यावर बोभाटा झाला," ते म्हणाले. "तिच्या बापाला मीच बोलावून घेतो. माझा विद्यार्थी आहे तो. त्याने निवेदन आणण्याआधी आपणच पुस्तक बंद करून टाकू."

"सर, पण पुस्तक..."

"मॅडम, पुस्तक तुम्हाला आवडतं, मलाही आवडतं. पण पेपरात शाळेचं नाव यायला नको."

सोमवारी दुपारी शीलाचे वडील रामधन आडे आले. यवतमाळच्या मंडीत भाजी उतरवून ते तसेच आले होते. पिकअप फाटकाबाहेर, आणि शर्टावर अजून कोथिंबिरीची पानं. सरांच्या पाया पडले, मॅडमना नमस्कार केला आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

सदाशिवरावांनी त्यांना बोलूच दिलं नाही. "रामधन, तू काही म्हणायच्या आधी मीच सांगतो. ते पुस्तक बंद. आजपासून. सगळ्या प्रती कपाटात टाकतो. कुणाचं मन दुखवून आपल्याला शाळा चालवायची नाही."

रामधन जरा गोंधळले. "सर, पुस्तकाचं मी कायले बोलू? मी तं ते पुरं वाचलंच नाई."

"मग?"

"माह्या पोरीले वर्गाबाहेर काहून काढलं, ते इचाराले आलो."

"अरे, काढलं नाही. झाडांना पाणी घालायला पाठवलं."

"मले बी पाठोलं होतं सर. तुमीच."

सदाशिवरावांनी चष्मा काढला. शिपायाने आणलेला चहा तसाच राहिला.

"तवा मले लय मजा वाटली," रामधन सांगू लागले. आवाज शांत, कुणा तिसऱ्याचीच गोष्ट सांगत असल्यासारखा. "वर्गात बसाचं सोडून पानी घालाचं, अजून काय पायजे? पन वापस आलो तं सारे माह्याकडंच पाहून राह्यले. माह्या बाकावरचा पोरगा, रोज माह्या डब्यातलं खाये, तो सरकून बसला. काय वाचलं म्हनून इचारलं तं कोनी सांगेना. मंग मीच इचार करत बसलो. असं काय लिवलं असन आमच्याबद्दल, का आमच्या कानावर बी पडू नये? आमच्या आजानं कोनाले मारलं असन का? कोनाचे लेकरं पळवले असन का? घरी याडीले, माह्या मायले इचारलं, तं तिले काय मालूम? अन् आता माही पोरगी मले तेच इचारून राह्यली. तिले मी काय सांगू?"

"तुझ्या मनाला लागू नये म्हणूनच केलं रे मी," सदाशिवराव हळूच म्हणाले.

"मालूम हाय सर. तुमी चांगल्या मनानं केलं, ते मले तवाबी मालूम होतं. म्हनून तं कोनाले काई म्हनता आलं नाई."

कहकशां खिडकीशी उभी होती. तिला एकदम स्टाफरूम आठवली. कधी कधी ती आत शिरली की चाललेलं बोलणं मध्येच तुटायचं आणि कुणीतरी घाईघाईने "या मॅडम, चहा घ्या" म्हणायचं. सगळी भली माणसं. तिला वाईट वाटू नये म्हणूनच गप्प व्हायची. आणि ती चहा पिता पिता मनात जुळवत बसायची, काय चाललं असेल, किती वाईट असेल. घरी जाऊनही तेच. जे बोलणं ऐकू आलं असतं तर ती दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी झाली असती, ते न ऐकलेलं बोलणं तिच्यासोबत मुक्कामाला यायचं. आणि हेच आपण दर वर्षी तांड्याच्या मुलांना बादलीत भरून देत आलो. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"सर," ती म्हणाली, "या शनिवारी सातवं प्रकरण पुन्हा वाचायचं. सगळ्यांनी मिळून."

"मॅडम, आता? या दिवसांत?" सदाशिवराव जवळजवळ उठलेच. "आगीत तेल कशाला?"

"पुस्तक बंद करायचं तर करू. पण त्यांना न कळू देता नको. पुन्हा एकदा बाहेरच ठेवल्यासारखं होईल ते."

सरांना असं तोंडावर ती आजवर कधी बोलली नव्हती. ते रामधनकडे पाहू लागले, जणू नाही म्हणायला तरी हा माणूस मदत करील. रामधन टोपी हातात फिरवत होते.

"मी बी येऊ का?" त्यांनी विचारलं. "मागं बसतो. बोलन नाई."

शनिवारी शेवटच्या बाकावर रामधन अंग चोरून बसले. शेजारी सदाशिवराव, त्यांनी दार आतून लोटून घेतलं होतं. पोरांना दोन मोठी माणसं वर्गात आली याचीच गंमत. फक्त शीला नव्हती. ती मैदानावर तिसऱ्या झाडापाशी बादली रिकामी करत होती. कहकशां वर्ग तसाच सोडून तिच्याकडे गेली.

"शीला, आत चल. आज तेच प्रकरण वाचायचं आहे."

"काय हाय त्याच्यात?"

कहकशांने आठवडाभर मनात बरीच वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही. "त्यात तांड्याच्या लोकांना चोर म्हटलंय. त्यांची घरं जाळतात आणि लिहिणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. ते खोटं आहे. तुझ्यासमोर वाचायची मला हिंमत झाली नाही, म्हणून तुला बाहेर पाठवलं. माझं चुकलं."

शीला बादलीच्या कडीशी चाळा करत राहिली. "मंग तुमी ते पुस्तक काहून शिकवता?"

"मला ते आवडतं."

"असं लिवलं तरी?"

"तरी. आणि तेवढ्या पानांचा मला रागही येतो. दोन्ही आहे."

हे शीलाला पटलं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तिने बादली झाडाशी पालथी घातली, हात ओढणीला पुसले. "मीच वाचन," ती म्हणाली. "दुसऱ्यानं वाचलेलं नाई आयकत मी."

हजेरीचा क्रम त्या दिवशी मोडला. शीला फळ्यापुढे उभी राहिली. मागे वडिलांना पाहून क्षणभर अडखळली, मग तिने पुस्तक डोळ्यांसमोर धरलं आणि सुरुवात केली. पवळ्या गोठ्यात नाही. दौलत रानोमाळ हिंडतो. गावकरी पारावर जमतात. तिचा आवाज नेहमीसारखाच, स्वच्छ, घाई नाही. ते वाक्य जवळ येऊ लागलं तसा कहकशांच्या घशाशी "थांब" हा शब्द आला. तिने तो गिळला.

"चोरी त्यांच्या रक्तातच होती," शीलाने वाचलं. थांबली. ओमकडे पाहिलं. ओम बाकावर नखाने रेघा ओढत होता.  मग तिने तेच वाक्य पुन्हा एकदा वाचलं, नीट, आणि पुढे गेली. तांड्याला आग लागली. एक बाई लेकरू छातीशी धरून धुरातून धावली, ठेचकाळली, पुन्हा धावली. दौलतने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. प्रकरण संपलं.

"मॅडम, एक इचारू का?"

"विचार."

"या बाईचं नाव काय?"

कहकशांने उत्तर द्यायला तोंड उघडलं. हे पुस्तक तिला इतकं पाठ होतं की मधलं कुठलंही वाक्य सांगा, ती पुढचं म्हणून दाखवील. पण बाईचं नाव तिला आठवेना. तिने मनातल्या मनात प्रकरण चाळलं.

"नाव दिलेलं नाही," ती म्हणाली.

शीला पानं मागे उलटत गेली. "तांड्यातल्या एकाबी मानसाले नाव नाई. तिथल्या मुख्याले, नायकाले नाई, म्हाताऱ्याले नाई. लेकराले तं नाईच."

"बैलाले हाय," खिडकीजवळचा आसिम म्हणाला. मग त्यालाच काहीतरी सुचलं. "अन् मॅडम, बैल चोरताना कोनी पाह्यलं, हे बी कोठी लिवलं नाई. पारावर एकजन म्हनते, मंग सारेच म्हनते."

"लिवनाऱ्यानं तांड्यात जाऊन पाह्यलं नसन," शीला म्हणाली. "पाह्यलं असतं तं एखांदं नाव तं मालूम पडलं असतं."

 इतकी वर्षं कहकशां हे प्रकरण वाचत आली होती, पण ज्यांच्याबद्दल ते होतं त्यांना बाहेर ठेवून. मग हा प्रश्न विचारणार तरी कोण होतं? तिला शीलाचा अभिमान वाटला आणि त्या लेखकाबद्दल, ज्याने तिला भाषा दिली त्या माणसाबद्दल, आयुष्यात पहिल्यांदा खेद वाटला. प्रेम कमी झालं नाही. त्याच्या शेजारी ही गोष्टही आता बसणार होती.

मागे बाक करकरला. रामधन उठून उभे राहिले होते. सदाशिवरावांनी घाबरून त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"मॅडम, झालं?" रामधनने विचारलं.

"झालं."

"इतकंच होतं?"

"इतकंच."

 रामधनच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हसू येतंय की रडू, हे मात्र त्यांचं त्यांनाही ठरवता येत नसावं. "मले वाटलं, लय मोठं काई असन," ते म्हणाले. "हे तं आमाले बजारात बी आयकू येते. यस्टीत बी येते. हे मी तवाच आयकलं असतं सर. भांडलो असतो थोडासा, अन् बसलो असतो."

सदाशिवरावांनी हात काढून घेतला.   कपाळावरचा घाम त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला आणि बाकावर थोडे सरकून रामधनला ऐसपैस जागा करून दिली.

शीला अजून फळ्यापुढेच होती. तिने पुस्तक मिटलं. "मॅडम, जाऊ जागेवर?"

कहकशां हो म्हणणार, तेवढ्यात रामधन बोलले. "थांब वं. अजून घंटा नाई झाली." ते त्या रिकाम्या जागेत नीट मांडी घालून बसले आणि टोपी मांडीवर ठेवली. "त्या दिवसापासून म्या ते पुस्तक हातातच नाई घेतलं. वर्गात वाचत, पन माहं ध्यान नसे; पुढं काय होते, मले नाई मालूम. वाच."

शीलाने पुस्तक उघडलं, पान शोधलं आणि आठवं प्रकरण वाचायला सुरुवात केली.